शेवंताबाईंची पिशवी

"आणि मग त्या कंडक्टरनं काय केलं, काका?"

शबानाने विचारलं आणि सगळा वर्ग पुढे सरकून बसला. उत्तर सगळ्यांनाच ठाऊक होतं. आजरेकर काकांनी चष्मा काढला, उपरण्याच्या टोकाने पुसला, परत घातला. तेवढा वेळ कोणी हललं नाही.

"कंडक्टर भला माणूस, बाळा. दुसऱ्या दिवशी पहिल्या गाडीनं पिशवी घेऊन दारात हजर. लोणच्याच्या बरणीला साधा चरासुद्धा नाही. शेवंताबाई म्हणाल्या, बाबा रे, आता आलाच आहेस तर फोड चाखून जा."

टाळ्या पडल्या. देशमाने मॅडमनीसुद्धा वाजवल्या. फोड चाखायचं मूळ गोष्टीत नव्हतं, ते काकांनी आपल्या पदरचं घातलं होतं. मी ते माझ्या कागदावर 'जादा' म्हणून टिपलं आणि मान वर केली, तर टाळ्या न वाजवणारी मी एकटीच होते.

ही शेवंताबाईंची गोष्ट म्हणजे स्मरणशक्तीची चाचणी होती. जेमतेम पाच-सहा वाक्यांची. शेवंताबाई लेकीकडे कराडला निघाल्या, एसटीत पिशवी विसरल्या, पिशवीत लोणच्याची बरणी होती, कंडक्टरने ती दुसऱ्या दिवशी आणून दिली. म्हाताऱ्या माणसाला ही गोष्ट वाचून दाखवायची, मध्ये थोडा वेळ वेगळ्याच कामाला लावायचं आणि मग म्हणायचं, मघाची गोष्ट सांगा बघू. आम्ही सगळे म्हाताऱ्या माणसांत नोकरी करणारे. कोणी नर्स, कोणी फिजिओथेरपिस्ट, कोणी समाजसेवक. शनिवार-रविवार सांगलीला येऊन वृद्धत्वशास्त्रात एम.ए. करत होतो. सरावासाठी म्हातारा हवा, तर वर्गात आयता एक बसलेला. दर आठवड्याला कोणी ना कोणी काकांना शेवंताबाई ऐकवायचा आणि काका त्या परत सांगायचे. मॅडमनी दिलेल्या संचात आणखी दोन गोष्टी होत्या. त्यांना कोणी हात लावला नाही, कारण काकांच्या तोंडून शेवंताबाईच छान वाटायच्या.

रघुवीर आजरेकर साखर कारखान्यातून कामगार अधिकारी म्हणून निवृत्त झालेले. ज्येष्ठ नागरिक संघाचं विरंगुळा केंद्र चालवायचे, म्हणून त्यांना प्रवेश मिळाला होता. उंच, गोरे, आवाज असा की मागच्या बाकावरच्यालाही वाटावं आपल्याशीच बोलतायत. पहिल्याच दिवशी मॅडम म्हणाल्या होत्या, "आपण ज्यांच्याविषयी शिकणार, तेच आपल्यात बसलेत, हे आपलं भाग्य." ते भाग्य मला पहिल्या दिवसापासून डाचत होतं.

कारण मी हेमलता कोरे, मिरजेजवळच्या एका वृद्धाश्रमात मेट्रन. किती म्हाताऱ्यांना मी उचललंय, न्हाऊ घातलंय, किती जणांचे डोळे मिटलेत. वर्गात 'झोपेच्या तक्रारी' हा विषय निघाला की माझ्या तोंडात वाक्य तयार असायचं. पण मॅडम विचारायच्या, "काका, तुमचा अनुभव काय?" आणि काका आपल्या झोपेची एक गंमत सांगायचे. वर्ग हसायचा. माझं वाक्य तसंच घरी परत यायचं.

घरी मी नवऱ्यापुढे भडाभडा बोलायचे. तो भाजी निवडता निवडता ऐकायचा.

"नुसतं म्हातारं असण्याचे मार्क मिळतात त्यांना," मी म्हणायचे.

"मग तू पण हो की म्हातारी. कोण नको म्हणतंय?"

"चेष्टा सुचतीय तुला."

"अगं, पंच्याहत्तरीला आलेल्या माणसाचा मत्सर करतीस तू. ऐकून तरी बघ एकदा."

मत्सरच होता. त्याला मी दुसरं नाव देत नाही.

दुसऱ्या वर्षी त्याला कारणही मिळालं. विसराळूपणाचा आजार जडलेल्या माणसांसाठी एक ट्रस्ट सांगलीत दिवसभराचं केंद्र सुरू करणार होता आणि प्रमुख म्हणून आमच्या वर्गातलं एक नाव सुचवायला त्यांनी मॅडमना सांगितलं होतं. मला ती जागा हवी होती. नुसती हवी नव्हती, त्या जागेवर माझा जीव होता. आश्रमात माझ्या डोक्यावर विश्वस्तांचा एक पुतण्या व्यवस्थापक म्हणून बसवला होता. त्याला म्हाताऱ्यांच्या अंगाचा वास सहन होत नव्हता आणि औषधांच्या वेळा तो मला ठरवून द्यायचा. तिथून बाहेर पडायची मला दिसत असलेली ही एकच वाट होती.

एका रविवारी मॅडमनी मला थांबवून घेतलं. मला वाटलं, झालं काम.

"हेमलता, मी आजरेकर काकांचं नाव द्यावं म्हणते. मानद प्रमुख म्हणून. त्यांच्याकडे बघून लोक येतील. रोजचं काम तू सांभाळशीलच त्यांच्या हाताखाली. तुला चालेल ना?"

"ते हो म्हणालेत?"

"अजून विचारलं नाही. प्रात्यक्षिक परीक्षा होऊ दे, मग बोलते."

चालेल, असं मी म्हणाले नाही. नाही, असंही म्हणाले नाही. बाहेर आले तर व्हरांड्यात काका उभे आणि भोवती चार-पाच पोरी. ते एकीला सांगत होते, "बाळा, जेवून जात जा." सगळ्यांना बाळा. नावं लक्षात ठेवायचीसुद्धा तसदी घेत नाहीत, आणि हिला वाटतं केवढी माया, असं माझ्या मनात आलं. मला मात्र ते बाळा म्हणत नसत. मला सिस्टर म्हणत आणि अहो-जाहो करत. त्याचाही मला राग यायचा.

त्या दिवसापासून मी त्यांच्यावर पाळतच ठेवली म्हणा. त्यांचं काही चुकावं याची मी वाट बघत होते, आणि त्यांचं चुकतही होतं. कारखान्यातल्या संपाची हकिकत त्यांनी एकदा सांगितली, परत सांगितली, पुढच्या रविवारी परिसंवादात तीच तिसऱ्यांदा सांगितली. तिन्ही वेळा तोच विनोद आणि त्याच ठिकाणी तोच थांबा. वर्ग तिन्ही वेळा हसला.

मी शबानाला म्हटलं, "तेच तेच सांगतात गं. तयारी काही करत नाहीत."

शबाना महापालिकेच्या दवाखान्यात होती, स्वभावाने लोण्यासारखी. ती म्हणाली, "हेमाताई, वय झालंय त्यांचं. म्हातारी माणसं सांगतातच की परत परत."

"आपण काय शिकायला बसलोय मग इथं?"

"तुम्हाला ना, त्यांचं काहीच गोड लागत नाही," असं म्हणून तिने विषय बदलला.

प्रात्यक्षिक परीक्षेला बाहेरून डॉक्टर सरनोबत आले. मेंदूच्या आजारांचे तज्ज्ञ, कमी बोलणारे. प्रत्येकाने एका वृद्ध व्यक्तीची चाचणी त्यांच्यासमोर घ्यायची होती. ही माणसं विरंगुळा केंद्रातून आणायचं काम अर्थातच काकांकडे होतं. हॉल एकच होता, त्यामुळे आपला नंबर येईपर्यंत बाकीचे मागच्या बाकांवर बसून बघत होते. काकांचा स्वतःचा नंबर शेवटचा होता आणि माझा त्याच्या आधीचा.

माझ्या वाट्याला घाटगे आजोबा होते. ते आलेच नाहीत. मी फाटकापर्यंत जाऊन बघून आले. मॅडम घाईत म्हणाल्या, "जाऊ दे गं, काका आहेत ना. बसतील तुझ्यासमोर." डॉक्टरांनी मान हलवली. माझ्या परीक्षेतसुद्धा हाच माणूस मध्यभागी येऊन बसणार होता. माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

दारात काकांनी मला गाठलं. हळू आवाजात म्हणाले, "सिस्टर, शेवंताबाईच घ्या हं. हमखास टाळ्या."

"टाळ्या तुम्हाला पडतील काका. मला मार्क पाहिजेत."

"मग तर शेवंताबाईच. मी अशी सांगतो, की डॉक्टरसुद्धा खूश होतील. तुम्ही फक्त वाचा."

तुम्ही फक्त वाचा. मी आत गेले, संच उघडला आणि शेवंताबाईंचा कागद खाली सरकवून त्याच्या खालचा घेतला. असं करायला नियमाची काही आडकाठी नव्हती. खरं कारण वेगळं होतं, आज माझ्या खुर्चीसमोर बसून त्यांनी टाळ्या घेतलेल्या मला नको होत्या.

मी वाचलं. "तुकाराम दवाखान्यात गेला. डॉक्टर परगावी गेले होते. परत येताना त्याने नातीसाठी पेरू घेतले. घरी पोचल्यावर कळलं, नात शाळेच्या सहलीला गेली आहे. त्याने पेरू शेजारच्या मुलांना वाटले."

काका शांतपणे ऐकत होते. मागे कोणीतरी कुजबुजलं, ही कुठली काढली. मग मी त्यांना चित्र काढायला दिलं, थोडी वजाबाकी दिली. वजाबाकीत त्यांनी दोनदा विचारलं, "कितीतून किती म्हणालात?" मग मी पेन खाली ठेवलं.

"काका, मघाशी मी एक गोष्ट वाचली. आठवेल तेवढी सांगा."

त्यांनी चष्मा काढला, पुसला, घातला.

"शेवंताबाई कराडला निघाल्या. लेकीकडे. बाळंतपणाला असतील. हातात पिशवी, पिशवीत लोणच्याची बरणी…"

मागे खसखस पिकली. सगळ्यांना वाटलं, काका माझी फिरकी घेतायत. मलाही क्षणभर तेच वाटलं आणि मी मनातल्या मनात दात खाल्ले. पण ते हसत नव्हते. एकेक वाक्य पायरी चाचपत उतरल्यासारखं सांगत होते. कंडक्टर आला, पिशवी आली, फोड चाखून झाली, आणि ते थांबले.

"काका, थट्टा पुरे हं," मॅडम म्हणाल्या. "परीक्षा आहे तिची."

"थट्टा नाही," काका म्हणाले.

डॉक्टर सरनोबत पुढे वाकले. "काका, सिस्टरांनी आज कोणाची गोष्ट वाचली?"

काकांनी माझ्याकडे बघितलं. उत्तर माझ्या तोंडावर लिहिलेलं असावं तसं.

"कोणीतरी पेरू घेतले. आठवतं?" डॉक्टरांनी विचारलं.

"पेरू," काका म्हणाले. मग चष्मा परत काढून हातात धरला. "नाही. पेरूचं काही नव्हतं त्यात."

मला काय वाटलं ते सांगते. आधी आनंद झाला. निखळ आनंद, अखेर हा माणूस पडला याचा. तो एवढा थोडा टिकला की मला त्याची चव घेताही आली नाही. मागोमाग मी चाचणीचा कागद पालथा घातला, कारण अशा खुर्चीत मी किती माणसं बघितली होती आणि पुढे त्यांचं काय होतं ते मला पाठ होतं.

डॉक्टर त्यांना आतल्या खोलीत घेऊन गेले. बराच वेळ बोलत होते. मॅडमच्या डोळ्यांना पाणी आलं होतं आणि शबाना माझ्याकडे बघत नव्हती. मी उठून बाहेर बदामाच्या झाडाखालच्या कट्ट्यावर जाऊन बसले. थोड्या वेळाने काका आले आणि शेजारी बसले. हातात कुठल्याशा तपासण्यांची चिठ्ठी होती.

"रागावू नका काका. नवी गोष्ट घेतली ती मुद्दाम तुम्हाला..."

"घाटगेला मीच सांगितलं येऊ नको म्हणून."

मी एकदम त्यांच्याकडे वळले.

"तुमच्यासमोर मला बसायचं होतं, सिस्टर. या डॉक्टरांच्या देखत." त्यांनी चिठ्ठीची घडी घातली. "दिवाळीच्या आधीपासून सांगतोय मी सगळ्यांना. रस्ता चुकतो, म्हटलं. या पोरींची नावं आठवत नाहीत, म्हणून बाळा बाळा करतो, म्हटलं. मॅडमनी लगेच चाचणी घेतली. कुठली घेतली असेल?"

"शेवंताबाई."

"घडाघडा सांगितली. मॅडम म्हणाल्या, काका, आमच्यापेक्षा तुमचं डोकं चांगलं आहे. मुलाला सांगायला गेलो, तर तो म्हणतो, बाबा, या वयात एम.ए. करताय आणि विसरतो काय म्हणताय. पत्नी असती तर तिनं पहिल्याच दिवशी ओळखलं असतं. मग ती महापालिकेच्या दवाखान्यातली पोरगी. ती तर रडायलाच लागली. काका, असं नका ना बोलू, म्हणाली. मग मीच तिची समजूत घातली."

"पण ती गोष्ट पाठ झालीय, असं तुम्ही म्हणायचं होतं त्यांना."

"म्हटलं की. हसले. माझं सगळं बोलणं त्यांना गंमतच वाटतं." त्यांनी चिठ्ठीची घडी परत उलगडली. "एकट्याला भीती वाटायला लागली होती हो. आपण बुडतोय आणि काठावरचे टाळ्या वाजवतायत."

"मग माझ्याकडे सरळ यायचं. मी ऐकलं असतं."

"ऐकलं असतंत. पण नुसतं तुम्ही सांगून कोणाला पटलं असतं? सगळे म्हणाले असते, सिस्टरना काकांचं चांगलं बघवत नाही."

खरं होतं. शबानाने ते म्हणून दाखवलंही होतं.

"मीच का, पण?"

"तुम्हाला मी आवडत नाही म्हणून."

मी काहीतरी बोलायला गेले, त्यांनी हात वर केला.

"राहू द्या. उगाच खोटं कशाला? मी बोलायला लागलो की सगळे माझ्या तोंडाकडे बघतात. तुम्ही माझं काय चुकतं ते बघता. संपाची हकिकत तिसऱ्यांदा सांगितली त्या दिवशी सगळे हसले आणि तुमच्या कपाळावर आठी आली. मला घरी गेल्यावर मुलानं विचारलं, बाबा, आज एवढे खुशीत का? काय सांगणार त्याला? मनात म्हटलं, एकीच्या लक्षात आलंय."

"आणि दारात म्हणालात ते? शेवंताबाईच घ्या म्हणून?"

ते पहिल्यांदाच मनापासून हसले. "तसं म्हटलं नसतं, तर कदाचित घेतल्या असत्या तुम्ही."

खरं सांगायचं तर तेव्हाही मला आधी रागच आला. माझा मत्सरसुद्धा या माणसाने आपल्या सोयीने वापरून घेतला होता. आणि मध्यभागी परत तोच. आम्ही आत गेलो तर सगळा वर्ग उठून त्यांच्याभोवती जमला. मॅडमनी त्यांचे दोन्ही हात हातात घेतले, कोणी पाणी आणलं, कोणी त्यांच्या धैर्याविषयी बोललं. माझी चाचणी बरोबर झाली की नाही हे विचारायला कोणी आलं नाही. कागद आवरून मी बसस्टँडवर गेले.

काकांनी शेवटची परीक्षा दिली नाही. केंद्राची जागा मला मिळाली. मॅडमनी माझं नाव सुचवलं, पण सुचवताना त्या माझ्याशी पूर्वीइतक्या मोकळेपणाने बोलल्या नाहीत. मी जागा घेतली. व्यवस्थापकाच्या टेबलावर राजीनामा ठेवताना मला जे सुख वाटलं ते कोणी काही म्हटलं तरी कमी झालं नाही.

केंद्र सुरू झालं तेव्हा मुलाचा हात धरून पहिल्यांदा कोण आत आलं असेल ते सांगायला नको. आणि महिनाभरात तिथेही तेच. सगळ्या मदतनीस मुली काकांच्या पुढे-मागे, स्वयंपाकाच्या बाई त्यांच्यासाठी गरम भाकरी वेगळी ठेवायच्या. दर सोमवारी मी दार लावून त्यांची चाचणी घ्यायचे, दर वेळी गोष्ट नवी. मुली बाहेरून विचारायच्या, "काका आज छान आहेत ना?" मी म्हणायचे, "नाहीत." मी खडूस आहे असं त्यांचं एकमत होतं.

काका चाचणी संपली की विचारायचे, "अजून राग येतो का माझा?"

"येतो."

"बरं झालं," म्हणायचे आणि काठी घेऊन उठायचे.

हे वर्षभर तरी चाललं. मग एका सोमवारी मी गोष्ट वाचली, एका म्हातारीची शेळी हरवते त्याची. थोड्या वेळाने विचारलं तर काका म्हणाले, "एक बाई होती. तिचं काहीतरी हरवलं." आणि माझ्याकडे आशेने बघत राहिले.

"बरोबर," मी म्हणाले, "शेळीच ना?"

"हां, शेळी," काका खुशीत म्हणाले.

मी शेळीपुढे बरोबरची खूण केली. मग तिच्याकडे बघत बसले. शेळी मी सांगितली होती, त्यांनी नाही. मी मागचे कागद काढून पाहिले. गेल्या सोमवारी असंच, त्याच्या आदल्या सोमवारी असंच. कुठे नाव पुरवलेलं, कुठे गाव. केव्हापासून मी त्यांना हात द्यायला लागले होते ते माझं मलाही कळलं नव्हतं. खूण खोडली आणि कागद मिटला.

"अजून राग येतो का माझा?" त्यांनी उठता उठता विचारलं.

"येतो," मी म्हणाले. पहिल्यांदाच खोटं बोलले.

त्याच दिवशी दुपारी तनुजा माझ्या खोलीत आली. ती समुपदेशक म्हणून नवीन लागली होती, हुशार, कामाची, जिभेला धार. दार ओढून घेऊन उभी राहिली.

"मॅडम, एक बोलू? आजरेकर काकांचे इथं फारच लाड चालतात. मी कुलकर्णी आजींना घेऊन गाण्यांचा तास बसवला, तर सगळ्या मुली काकांपाशी. काका बोलले की माझं कोण ऐकतच नाही. तुम्हीसुद्धा नाही."

तिच्या कपाळावर आठी होती. मी तिला बसायला सांगितलं आणि काकांचे सगळे कागद तिच्यापुढे सरकवले.

"पुढच्या सोमवारपासून त्यांची चाचणी तू घ्यायची," मी म्हणाले.